जपानच्या प्रांतोप्रांतीचे जेवण: जगभर काय गेले आणि घरी काय राहिले?

प्राजक्त (कोथरूड)

आमच्या वाचनगटात दर महिन्याला कोणीतरी एका देशाविषयी अर्धा तास बोलते आणि त्या देशातील एखादा पदार्थ घरून करून आणते. येत्या आश्विनात पाळी माझी आहे आणि चिठ्ठीत देश निघाला आहे जपान. मुलगा डिसेंबरमधील जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करत असल्यामुळे घरात हा विषय रोजचाच आहे, आणि सिंहगड रस्त्यावरील पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात, म्हणजे पु. ल. देशपांडे उद्यानात, आम्ही वरचेवर जातो. परंतु जेवणाच्या बाबतीत माझी मजल सुशी, रामेन आणि तेंपुरा या तीन शब्दांपुढे गेलेली नाही.

मुलाच्या पुस्तकात एका धड्यात प्रत्येक प्रांताच्या नावापुढे तिथल्या पदार्थाचे नाव दिले आहे, आणि त्यांतील एकही पदार्थ मी पुण्यातील कोणत्याही जपानी उपाहारगृहाच्या यादीत पाहिलेला नाही. हे म्हणजे परदेशात मराठी जेवण म्हणून फक्त वडापाव आणि पावभाजी मिळावी, आणि खानदेशाचे भरीत, कोकणातील फणसाची भाजी किंवा सोलापूरची शेंगाचटणी कोणाच्या गावीही नसावी, तसे झाले. माझे प्रश्न असे: जे पदार्थ जपानबाहेर गेले ते नेमके का गेले आणि बाकीचे का राहिले? आणि गटातील दोघीजणी चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत, तर त्यांच्यासह सर्वांना चालेल असा एखादा प्रांतिक पदार्थ पुण्यात मिळणाऱ्या सामानातून करता येईल का?

यामानाशीचा पाहुणा

चाकणच्या कारखान्यातून कंपनीने मला यामानाशी प्रांतातील कोफू शहरात पाठवले होते, तिथे मी चार वर्षे राहिलो. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी पहिल्याने देतो: होतो. (क्रियापद नव्हे, पदार्थाचे नाव आहे. पहिल्या महिन्यात मी घरी फोनवर 'आज होतो खाल्ला' असे सांगितले, तेव्हा आईने दोनदा विचारून खात्री करून घेतली होती.)

होतो म्हणजे गव्हाच्या पिठाच्या रुंद, चपट्या पट्ट्या, लाल भोपळ्याचे मोठे तुकडे, कंद आणि पालेभाज्या हे सारे मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, रश्शात एकत्र शिजवलेले असते. जपानी उदोन शेवयांच्या पिठात मीठ असते आणि त्या आधी वेगळ्या पाण्यात उकडून घेतात. होतोच्या पिठात मीठ नसते आणि पट्ट्या कच्च्याच रश्शात सोडतात, त्यामुळे त्यांना लागलेले कोरडे पीठ उतरून रस्सा दाट होतो. भोपळा अर्धा विरघळतो आणि रश्शाला किंचित गोडी येते. पहिला घास घेताच मला वाटले, ही तर आपली वरणफळे. वरणाच्या जागी मिसो आहे आणि फोडणी नाही, एवढाच काय तो फरक.

परंतु हा पदार्थ तिथे का जन्मला, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. यामानाशी हा डोंगरांनी वेढलेला प्रांत आहे; भाताला लागणारी सपाट, पाणथळ जमीन तिथे थोडी, म्हणून लोकांनी गहू आणि भरड धान्यावर दिवस काढले. सामंत ताकेदा शिंगेनच्या सैन्याचे हे जेवण होते, अशी कथा तिथला प्रत्येक दुकानदार सांगतो. ती खरी असो वा नसो, थंडीच्या रात्री एका पातेल्यात सगळ्या घराचे पोट भरावे ही गरज मात्र नक्कीच खरी होती.

जपानचे बहुतेक प्रांतिक पदार्थ असे गरजेतून आलेले आहेत. उत्तरेच्या अकितामध्ये शिजलेला भात अर्धवट कुटून, सुगी नावाच्या जपानी वृक्षाच्या काडीभोवती लिंपून निखाऱ्यावर भाजतात आणि मग कोंबडीच्या रश्शात सोडतात. त्याला किरितांपो म्हणतात. बिवा सरोवराकाठच्या शिगामध्ये फुनाझुशी करतात. वसंतात धरलेले मासे आधी काही महिने मिठात ठेवायचे आणि मग शिजलेल्या भातात दाबून वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ आंबवायचे, अशी ती रीत आहे. सुशीचे मूळ रूप हे असे, मासा टिकवण्याचे आहे, आणि त्याचा वास इतका उग्र असतो की माझे जपानी सहकारीही डबा उघडण्यापूर्वी खिडकी उघडत. आज जगाला ठाऊक असलेली, शिरका घातलेल्या ताज्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली सुशी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एदोची, म्हणजे आजच्या तोक्योची, आणि तीही रस्त्यावर उभ्याने खाण्याची चीज होती.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच दिसते. जे पदार्थ बाहेर गेले ते बहुतांशी शहराचे आणि घाईचे पदार्थ आहेत. सुशी हा एदोच्या बाजारातील खाऊ, तेंपुरा पोर्तुगीजांच्या संपर्कातून आलेला, रामेन चिनी शेवयांवरून घडलेला. ओसाका भागात १९५८ मध्ये फिरत्या पट्ट्यावरची सुशी सुरू झाली आणि त्याच वर्षी मोमोफुकु आंदो यांनी झटपट रामेन बाजारात आणले. जो पदार्थ एकदा आपल्या गावातून उठून शहराच्या गर्दीत रुळला, त्याला समुद्र ओलांडणे फारसे अवघड गेले नाही. जपानच्या कृषी मंत्रालयाच्या मोजणीनुसार देशाबाहेरील जपानी उपाहारगृहे २००६ मध्ये सुमारे २४ हजार होती. २०२३ मध्ये ती सुमारे १ लाख ८७ हजार झाली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आशियातच आहेत. या एवढ्या मोठ्या आकड्यात होतो वाढणारी किती असतील, याचा अंदाज आपण करू शकता.

तिसरी घंटा

पाहुण्यांचे लेखन आवडले, परंतु 'प्रांतिक ते गावाला बांधलेले आणि शहरी ते फिरणारे' ही विभागणी मला पटलेली नाही. प्रांतिक म्हणवणारे पदार्थही मुळात व्यापाराने घडलेले आहेत.

ओकिनावाचे उदाहरण घ्या. तिथे कोंबू हे समुद्री शेवाळ डुकराच्या मांसाबरोबर परतून केलेला पदार्थ घरोघरी होतो आणि तो तिथला पारंपरिक मानला जातो. पण कोंबू ओकिनावाच्या समुद्रात उगवतच नाही. ते जवळजवळ सगळे अगदी उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटावरून येते. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी व्यापारी जहाजे ते ओसाकापर्यंत आणत, तिथून दक्षिणेकडील सात्सुमा संस्थानाच्या व्यापाऱ्यांकडून ते र्‍यूक्यू राज्यात, म्हणजे आजच्या ओकिनावात, आणि पुढे चीनला जाई. वाटेवरच्या तोयामामध्येही कोंबूचे पदार्थ त्याचमुळे रुजले. हजारो किलोमीटरवरून आलेली वस्तू दोन-तीन शतकांत 'आमच्या आजीची' होते. आपल्याकडे मिरची आणि बटाटा यांचे काय झाले? उपासाच्या थाळीतून बटाटा आणि साबुदाणा काढून दाखवा.

उलट दिशेनेही पाहा. सुशीवरचा कच्चा सॅमन आज जगाला अस्सल जपानी वाटतो. प्रत्यक्षात जपानी किनाऱ्यावरच्या सॅमनमध्ये परजीवी असण्याच्या भीतीने तिथले लोक तो शिजवून किंवा खारवून खात. होक्काइदोचे इशिकारी नाबे हे मिसोतले सॅमनचे कालवण त्याच परंपरेतले आहे. मत्स्यशेतीतला सॅमन कच्चा खाता येतो, हे जपानला पटवून देण्याची मोहीम १९८० च्या दशकात नॉर्वेने चालवली, कारण त्यांना मासा विकायचा होता. अस्सलपणाची मोजपट्टी हाती घेण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

युनेस्कोने डिसेंबर २०१३ मध्ये 'वाशोकू' अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा नोंद झाली ती सुशीची किंवा रामेनची नव्हे. जपानी लोकांच्या पारंपरिक आहारसंस्कृतीची, आणि विशेषतः नववर्षाच्या सणाच्या संदर्भात. नववर्षाला घरोघरी झोनी हे तांदळाच्या चिकट मोचीचे सूप करतात. पूर्वेकडे मोची चौकोनी आणि रस्सा निवळ, पश्चिमेकडे मोची गोल, क्योतोकडे रस्सा पांढऱ्या मिसोचा, आणि कागावा प्रांतात तर मोचीच्या पोटात गोड पुरण भरून ती पांढऱ्या मिसोच्या रश्शात सोडतात. पुरणाची पोळी कटाच्या आमटीत बुडवून खाणाऱ्यांनी याला नाक मुरडण्याचे कारण नाही.

आमसूल

मी पुण्यात जपानी भाषा शिकवते आणि स्वतः शाकाहारी आहे, तेव्हा स्वयंपाकघराची बाजू मी घेते.

सर्वांत आधी एक सावधगिरीची सूचना. जपानी जेवणात मांसाचा तुकडा दिसला नाही म्हणजे ते शाकाहारी, असे समजू नये. बहुतेक सगळ्या रश्शांचा पाया 'दाशी' असतो, आणि तो कोंबूबरोबर कात्सुओबुशी, म्हणजे धुरावून वाळवलेल्या बोनिटो माशाचे कीस, किंवा लहान सुके मासे घालून काढतात. पाहुण्यांचा होतोसुद्धा तिथे बहुधा सुक्या माशांच्या दाशीतच होत असणार. परंतु याला जपानी परंपरेतच चोख पर्याय आहे: कोंबू आणि वाळवलेले शिताके अळंबे रात्रभर थंड पाण्यात भिजवून काढलेला दाशी. इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोंबूतून ग्लुटामेट हा चव देणारा घटक वेगळा करून त्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. नंतरच्या संशोधनात असे दिसले की बोनिटोतील आणि शिताकेतील काही घटक कोंबूच्या ग्लुटामेटबरोबर आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी खुलते. म्हणजे माशाच्या जागी शिताके आले तरी रश्शाला पोकळपणा येत नाही.

आणि कांदा-लसणाचे म्हणाल, तर बौद्ध मठांतील 'शोजिन र्‍योरी' या स्वयंपाकात मांस-मासे तर वर्ज्य असतातच, शिवाय कांदा-लसणाच्या जातीच्या उग्र वासाच्या पाच वनस्पतीही चालत नाहीत. तुमच्या दोघी मैत्रिणींचा चातुर्मास कोया पर्वतावरच्या भिक्षूंना समजावून सांगावा लागणार नाही. त्या पर्वतावरच्या मठांत पाहुण्यांना राहता येते आणि हेच जेवण मिळते. तिथले गोमा दोफू हे नावाने तोफू असले तरी त्यात सोयाबीन नसते. पांढरे तीळ बारीक वाटून, कुझू नावाच्या कंदाच्या सत्त्वाबरोबर मंद आचेवर सतत ढवळत घोटतात आणि वडीसारखे थापतात. कुझू इथे मिळत नाही, मी आरारूट वापरते. हात दुखेपर्यंत घोटावे लागते, यात सवलत नाही.

सामानाविषयी. मुळा, लाल भोपळा, वांगी, रताळी, कमळकाकडी, कारले हे सगळे मंडईत मिळते आणि हे सगळे जपानी स्वयंपाकात आहे. ओकिनावाच्या गोया चांपुरूमधील गोया म्हणजे कारलेच. ते तोफू, अंडे आणि डुकराच्या मांसाबरोबर परततात. गंमत अशी की हे कारले उरलेल्या जपानला बराच काळ अनोळखी होते, कारण कीड पसरू नये म्हणून ओकिनावातून ते बाहेर नेण्यावर निर्बंध होते. १९९३ मध्ये तिथल्या फळमाशीचे निर्मूलन पूर्ण झाले आणि मगच ते मोकळेपणाने बाहेर जाऊ लागले. पदार्थ घरी का राहतो, याचे उत्तर कधीकधी एक माशीही असते.

यामागाताचे इमोनी हे आळकुड्यांचे कालवण आहे. शरद ऋतूत लोक नदीकाठी दगडांची चूल मांडून ते करतात, आणि त्यावरून शेजारच्या मियागी प्रांताशी वादही घालतात: यामागाताच्या आतल्या भागात गोमांस आणि सोया सॉस, मियागीत डुकराचे मांस आणि मिसो. दर सप्टेंबरमध्ये यामागाता शहरात नदीपात्रात सहा मीटरहून रुंद कढईत इमोनी शिजवतात आणि ते ढवळायला चक्क जेसीबीसारखे यंत्र लावतात. (पुणेकरांना सांगा, यंत्र फक्त कालवणासाठीच आणलेले असते, रस्ता खणायला नव्हे.) गुन्मा प्रांतात मोठ्या प्रमाणावर पिकणारा कोन्न्याकूचा कंद आपल्या सुरणाच्या कुळातला आहे आणि सुरणासारखाच खाजरा. आपण चिंच किंवा आमसूल घालून खाज मोडतो. ते लोक राखेचे किंवा चुन्याचे पाणी घालतात, आणि त्यानेच त्याची घट्ट वडी जमते.

भाताचा प्रश्न उरतो. बासमती तर चालणारच नाही. मी मावळचा इंद्रायणी घेते, कारण तो शिजल्यावर चिकटतो. त्याचा स्वतःचा सुगंध थोडा मध्ये येतो, पण शिरका घातल्यावर तो दबतो. आंबेमोहोर मात्र वापरू नका, सुगंध जिंकतो आणि जपान हरतो.

या भातावरूनच माझी सूचना. तुम्ही ओकायामा उद्यानाचे नाव घेतलेच आहे, तर ओकायामाची बाराझुशी का करत नाही? सतराव्या शतकातील तिथला सामंत इकेदा मित्सुमासा याने काटकसरीसाठी 'एक सूप आणि एकच पदार्थ' असा हुकूम काढला, तेव्हा लोकांनी मासे आणि भाज्या भातातच मिसळून तो सगळा मिळून एकच पदार्थ ठरवला, अशी कथा सांगतात. पेशवाईत असा हुकूम निघाला असता तर पुणेकरांनी याहून वेगळे काही केले नसते. मूळ पदार्थात समुद्रातील मासे असतात. आपल्याला सोया सॉस आणि साखरेत शिजवलेले शिताके, शिरक्यातली कमळकाकडी, गाजर, मटार आणि भाजलेले तीळ पुरतात.

आणखी एक गोष्ट भाषणात जरूर सांगा. ओकायामात मामाकारी नावाचा छोटा मासा आहे. 'मामा' म्हणजे भात आणि 'कारी' म्हणजे उसना घेणे. मासा इतका चविष्ट की घरातला भात संपतो आणि शेजाऱ्याकडून आणावा लागतो.

तिसरी घंटा

आमसूल यांच्या माशीला मी दाद देतो. बाहेर जाण्यातला एक धोका तेवढा नोंदवतो. आइची प्रांतातील ओकाझाकी येथे हात्चो मिसो होतो, फक्त सोयाबीन आणि मिठाचा. प्रचंड लाकडी पिंपात भरून, वर टनावारी दगड रचून तो दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे ठेवतात. निर्यातीसाठी नावाचे संरक्षण हवे म्हणून सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये त्याला भौगोलिक निर्देशांक दिला, पण तो साऱ्या प्रांतातील उत्पादकांच्या संघटनेला; ज्या गावात हे नाव जन्मले तिथले दोन जुने उत्पादकच त्याबाहेर राहिले, कारण सैल केलेले निकष त्यांना मान्य नव्हते. आपल्याकडे आंबेमोहोराला असा निर्देशांक मिळाला आहे, तेव्हा हा प्रश्न पुण्यालाही परका नाही.

यामानाशीचा पाहुणा

'तिसरी घंटा' यांचा कोंबूचा मुद्दा मी मान्य करतो. तरीही एवढे म्हणेन की कोंबू वाळवलेला असतो म्हणून जहाजात टिकला. होतोच्या ओल्या पट्ट्या आणि नदीकाठची चूल जहाजात भरता येत नाही. फिरतो तो जिन्नस, पदार्थ मागेच राहतो.

शिवाय आपणही काही पाठवले आहे, हे प्राजक्त यांनी सांगावे. १९१५ मध्ये इंग्रजांपासून निसटून जपानला गेलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना तोक्योतील नाकामुराया या पावाच्या दुकानाच्या मालकांनी आपल्या आवारात लपवले, पुढे त्यांच्या मुलीशी बोस यांचा विवाह झाला, आणि १९२७ मध्ये त्या दुकानाने बोस यांच्या पद्धतीची भारतीय करी विकायला सुरुवात केली. जपानला करी आधीच ठाऊक होती, पण ती इंग्रजांच्या मार्गाने आलेली, मैद्याने दाट केलेली.

प्राजक्त (कोथरूड)

सर्वांचे मनापासून आभार. मुलाने त्याच्या पुस्तकावरून आणखी एक माहिती शोधली: जपानच्या कृषी मंत्रालयाने २००७ मध्ये 'शंभर ग्रामीण पदार्थ' निवडण्याचे ठरवले तेव्हा प्रत्यक्षात नव्याण्णवच निवडले आणि शंभरावी जागा ज्याने त्याने आपल्या आठवणीतल्या पदार्थासाठी ठेवावी म्हणून रिकामी सोडली. भाषणाची सुरुवात मी याने करणार आहे आणि गटातल्या प्रत्येकीला तिचा शंभरावा विचारणार आहे.

रविवारी रंगीत तालीम केली. बाराझुशी चांगली झाली. कमळकाकडी जरा जास्त शिजली. होतो कोंबू-शिताकेच्या दाशीत केला, मिसो एका दुकानात महाग का होईना पण मिळाला. सासूबाईंनी वाटीभर चाखून पाहिला आणि म्हणाल्या, "वरणफळे छान झाली आहेत, फोडणी द्यायची राहिली वाटते." दुसरी वाटी त्यांनी स्वतःच्या हाताने हिंग-मोहरीची फोडणी देऊन खाल्ली. एकच शंका आहे: पट्ट्या रश्शात घातल्यावर दहा मिनिटांतच एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला. पीठ सैल पडले का?

यामानाशीचा पाहुणा

सैल नव्हे, पट्ट्या पातळ झाल्या असतील. पीठ पुरीच्या कणकेइतके घट्ट भिजवा, पोळीच्या दुप्पट जाडीचे लाटा आणि रस्सा खळखळून उकळत असतानाच पट्ट्या एकेक करून सोडा. मिसो शेवटी घाला आणि त्यानंतर फार उकळू नका. सासूबाईंच्या फोडणीविषयी कोफूमध्ये कोणाला कळवत नाही.